बाईंच्या गाडीचा हॉर्न

हैदराबादेत हॉर्न न वाजवता गाडी चालवणारं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे आमच्या घरमालकीण बाई. समोर रिक्षा आडवी आली की बाई काच खाली करायच्या, मान बाहेर काढायच्या आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा स्वच्छ, शांत आवाजात म्हणायच्या, "भय्या, जरा बाजू होना." माणूस तेलुगू वाटला तर, "कोंचम जरगंडी, अण्णा." आणि लोक खरोखर बाजूला व्हायचे. कुकटपल्लीच्या संध्याकाळच्या गर्दीत हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बाईंचं माहेर जुन्या निजामी मुलखातलं, शेतकऱ्याचं. जामबागेतल्या एका मराठी शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं, म्हणून साऱ्या गल्लीच्या त्या बाईच. मी पुण्याहून नोकरीला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. जागा देताना त्यांनी माझा पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही. "फ्यूज बदलता येतो का?" एवढंच विचारलं. येत नव्हता. "शिकशील," म्हणाल्या आणि किल्ली हातात ठेवली.

ओरडण्याचा त्यांना मनापासून तिटकारा. "ज्या मास्तराला ओरडावं लागतं, त्याच्या हातून वर्ग आधीच सुटलेला असतो," असं त्या म्हणायच्या. हॉर्न म्हणजे त्यांच्या लेखी ओरडणंच. भाजीवाल्याशी घासाघीस असो की नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी वाद, बाईंचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. समोरच्याचाच आपोआप उतरायचा.

यजमान गेल्यावर, साठी उलटल्यावर बाई गाडी शिकल्या आणि एक जुनी पांढरी सेकंडहँड गाडी घेऊन मोकळ्या झाल्या. कोठी भागातली पुस्तकांची दुकानं, जामबागेतल्या मैत्रिणी, कोणाच्या बाळंतपणाला दवाखान्यात धावणं, सगळं त्या गाडीवर चाले. पुढे गाडीचं वय झालं. नोंदणी वाढवायची तर आरटीओच्या तपासणीत पास व्हायला हवं होतं. पुण्याचा मुलगा अविनाश याच संधीची वाट पाहत होता. "आई, गाडी पास झाली तर चालव. नाही झाली तर मोडीत काढायची आणि तू कायमची इकडे यायचं," तो फोनवर म्हणाला. "हौ, मान्य," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुण्यात मी काय करू, पोरी? गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांचे जोड पाहू?" त्या हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

तपासणीच्या आदल्या सकाळी आम्ही दोघी गाडीपाशी उभ्या राहिलो. दिवे लागले, वायपर फिरले, ब्रेक ठीक होते. मग मी हॉर्न दाबला. गाडी गप्प.

"कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी कधी दाबलाच नाही."

"घेताना तरी वाजवून पाहिला असेल."

"इंजिन पाहिलं, ब्रेक पाहिले. हॉर्न कशाला पाहायचा?"

जुनी गाडी घेताना शेंबडं पोरही आधी हॉर्न वाजवून पाहतं. बाईंनी मुका हॉर्न घेतला, इतकी वर्षं चालवला आणि त्यांचं कुठे अडलं नाही. पण उद्या तपासणीत तो वाजायलाच हवा होता. नेहमीचा मेकॅनिक लग्नाला गावी गेलेला. मी म्हटलं, नवा हॉर्न आणून बसवू या. "रोग कळायच्या आधी औषध नको," म्हणत बाईंनी पदर खोचला.

मग पुढचा तासभर मी नुसती बघत राहिले. त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला. तो शाबूत होता. मला बटण दाबायला लावून रिलेची, म्हणजे हॉर्नकडे करंट सोडणाऱ्या डबीची, टिकटिक कान लावून ऐकली. हॉर्न सोडवून त्याची वायर आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामधे एक छोटा दिवा लावून पाहिला. करंट येत होता. मग हॉर्न थेट बॅटरीला जोडला, तर तो असा बोंबलला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. "हॉर्नही बरा, करंटही बरा," बाई म्हणाल्या. "मग बिघाड दोघांच्या मधे. करंट नुसता येऊन भागत नाही, त्याला परत जायला वाट लागते." ती वाट म्हणजे हॉर्न ज्या बोल्टने गाडीच्या अंगाला बसवलेला तो बोल्ट, आणि तोच गंजून गेला होता. त्यांनी पॉलिश पेपरने तो बोल्ट आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, सगळं परत आवळलं आणि मला खूण केली. मी बटण दाबलं. हॉर्न वाजला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या रांगेत साहेबांनी विचारलं, "ड्रायवर किधर है, अम्मा?" बाई म्हणाल्या, "मैंच हूँ." त्यांनी एकामागून एक सगळं करून दाखवलं आणि हॉर्नही दिला, अगदी थोडका. गाडी पास झाली. अविनाशला त्यांनी दोनच शब्द कळवले, "पास झाली."

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष उलटलं असेल. एका दुपारी ऑफिसात बाईंचा फोन आला, "कोठीत आहे. येऊन गाडी घरी घेऊन चल." मी धावत मेट्रो गाठली. गाडी कडेला नीट लावलेली, बाई चालकाच्या शेजारच्या जागेवर, पट्टा लावून बसलेल्या. बाईंनीच सांगितलं, वळताना डावीकडून एक म्हातारबाबा आले. त्यांनी बॉनेटवर हात आपटला तेव्हा कुठे ते बाईंना दिसले. लागलं कोणालाच नव्हतं.

"असं कोणाचंही होतं, बाई. डोळे दाखवू या. आणि गाडीची मुदत अजून कितीतरी आहे."

"डोळे दाखवीन," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तो कागद गाडीचा आहे, पोरी. माझी तपासणी मलाच घ्यायची होती. ती आज झाली."

एवढं मोठं माणूस मी इतक्या जवळून पुन्हा पाहिलेलं नाही. मी चालकाच्या जागेवर बसले, तोवर बाईंनी अविनाशला फोन लावला होता. काही कारण न सांगता त्यांनी विचारलं, "अवी, तिकडे माझी पुस्तकं मावतील का रे?"