शैलाबाईंनी पैसे मोजून घेतले

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीलाच सुटली. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

शैलाबाई पुस्तकाशी भांडायच्या. शिरूरला आमच्या पुढच्या खोलीत त्या भाड्यानं राहायच्या, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारत वाचायच्या आणि मधेच पानावर बोट आपटायच्या, "लबाडा, घावलास का न्हाई!" माझी सुमन खिदळायची. ती सदा त्यांच्याच खोलीत. मी हाक मारली की म्हणायची, "थांब गं आई, तुला न्हाई कळायचं."

बाई वरवंडच्या, माझ्यासारख्याच शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांना बापानं पुस्तक दिलं, मला खुरपं. आता पोरगीही त्यांचीच झाली होती. त्यांचा डबा मी करायचे. हेव्यापायी भाजीत मुद्दाम मीठ कमी घालायचे. त्या कुरकुर न करता मीठ मागून घ्यायच्या.

एकदा विचारलं, "एवढं कुणाशी भांडता?"

"दोन-अडीचशे वर्षांमागं परदेशात मोठे विचारवंत झाले, वहिनी. म्हणाले, सगळी माणसं समान. आन् लगीच खाली लिहिलं, जो दुसऱ्याच्या जिवावर पोट भरतो त्याचं मत धरायचं न्हाई. म्हंजी गडी, आन् झाडून सगळ्या बाया. आधी हातात काय पडू द्यायचं न्हाई, आन् मग म्हणायचं, हिच्याकडं हाय काय!"

मी पातेलं घासत राहिले. पण बाईंचं ते बोलणं डोक्यातून जाईना.

सुमनच्या बारावीनंतर आमचे हे म्हणाले, "बास झालं शिक्षण." मला कुणी विचारलंही नाही. बाईंनी परस्पर कॉलेजची फी भरली, बाराशे रुपये. सुमन त्यांच्या गळ्यात पडली. माझ्या अंगाचा जाळ झाला.

मी लोकांच्या मळ्यात मजुरीनं शेवंती तोडायला जाऊ लागले. दर आठवड्याला फीपोटी पन्नास रुपये बाईंना द्यायचे. वाटायचं, एकदा तरी म्हणतील, "राहू द्या वहिनी," म्हणजे कीव केली म्हणून मला त्यांचा मनापासून राग करता येईल. कधीच म्हणाल्या नाहीत. मोजून घ्यायच्या, वहीत लिहायच्या.

पुढं त्यांची दौंडला बदली झाली. टेम्पोत सामान चढलं तेव्हा मी शेवटचे पन्नास पुढं केले. त्यांनी मोजले, वहीत रेघ मारली.

"फिटलं सगळं. वहिनी, सुमनचं पुढच्या वर्षी काय?"

हे म्हणाले, "आता लगीन—"

"दादा, तुमाला न्हाई इचारलं."

मी ह्यांच्याकडं न बघता बोलले, "शिकंल. फी मी भरीन."

सुमन तेव्हा बाईंकडं नाही, माझ्याकडं बघत होती.