जुन्या पिकअपचे फोटो कोणी काढले?

मित्रांनो, आज सकाळी दहा वाजता माझं आयुष्य फिरलं. मंडईत पहाटेचा माल टाकून घरी येऊन झोपलो होतो. उठून बाहेर आलो तर दारात नवीकोरी पिकअप, चाकाखाली लिंबं, आणि आमची जुनी गायब.

बाबा पेढा पुढे करत म्हणाले, “घे. एसी आहे, स्क्रीन आहे. जुनी देऊन टाकली.”

कॉलेज सोडलं तेव्हा मी त्याच जुन्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकलो. बिघडली तर पाना घेऊन रस्त्याकडेलाच दुरुस्त करायचो. हिला लॅपटॉप लावल्याशिवाय दुखणं कळत नाही म्हणे. आणि जुनीत पुढे एकच सलग सीट होती. माझी गर्लफ्रेंड सायली बसली की खांद्याला खांदा लागायचा. हिच्यात आमच्या मध्ये कप ठेवायचा खोका!

सायलीला फेरी मारायला नेलं आणि हे सगळं बोललो. ती हसली. “अरे, जुनी विकायच्या जाहिरातीचे फोटो मीच काढले. तुझे बाबा म्हणाले, तुला कळू द्यायचं नाही.”

“तू?”

“मग काय! त्या खटाऱ्यातून आमच्या घरी आलास तर आई पाणी तरी विचारेल का?”

म्हणजे दोन वर्षं ही माझ्या शेजारी बसून लाजत होती. एसी मस्त आहे, मान्य. पण तुम्हीच सांगा, मला एकदा विचारायला काय झालं होतं?

तिच्या सोसायटीखाली गाडी थांबवली. किल्ली तिच्या हातात ठेवली. म्हटलं, “घे, दाखव आता आईला.”

गाडी आमची, तरी मीच उतरलो आणि दार लावून पायी निघालो.