पहिली फेरी रिकामी

माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गोष्ट सांगताना शेवटपर्यंत काहीतरी मुठीत दाबून ठेवणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. युरोपच्या त्या सहलीत मात्र आम्हाला याचा पत्ता नव्हता. पत्ता त्याला एकट्याला होता, निदान त्याची तशी समजूत होती, आणि तो आम्हाला लागू नये म्हणून पठ्ठ्या तीन शहरं जिवाचा आटापिटा करत हिंडला.

त्याला आम्ही पान्या म्हणतो. लहानपणी इतर मुलांच्या खिशात गोट्या असत, याच्या खिशात पाना. घरात जे जे नीट चालत असेल ते उघडून बघायचं आणि परत जोडायचं. जोडल्यावर दर वेळी एक स्क्रू उरायचा. "हा जास्तीचाच होता," असं तो छातीठोकपणे सांगायचा. आईचं शिवणयंत्र त्याने असंच चार वेळा सुधारलं, पाचव्या वेळी आईने त्यालाच सुधारलं. अठराव्या वर्षी तो एका लिफ्ट कंपनीत लागला आणि पुढची बेचाळीस वर्षं लोकांना वरखाली पोचवत राहिला. मी कॉलेजात जाऊन पदवी घेतली, जाडजाड पुस्तकं वाचली. पण दोघं एखाद्या इमारतीत शिरलो की वॉचमन खुर्चीतून उठायचा तो याच्यासाठी.

त्याच्या उस्तादाने त्याला एक नियम घालून दिला होता. दुरुस्ती झाली की पहिली फेरी रिकामी, दुसरी आपली, तिसरी लोकांची. पहिल्या फेरीला हा खाली दाराला कान लावून उभा राही. दोर, ब्रेक, दारांची कुलपं, सगळ्यांचे आवाज त्याला वेगवेगळे ओळखू येत. एकदा एका हॉस्पिटलात रोगी, नर्स आणि खाट आत असताना लिफ्ट अडकली, तेव्हा गच्चीवरच्या खोलीत चढून, मोटारीचं चाक हाताने फिरवून याने ती एक मजला वर घेतली होती. तासभर. खांदा महिनाभर धरला होता. घरी येऊन एवढंच म्हणाला, "आज जरा उशीर झाला."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा त्याच्या जुन्या कंपनीच्या प्रशिक्षण शाळेतून फोन आला. नव्या मुलांना लिफ्ट ऐकायला शिकवायला याल का? हा लगेच "हो" म्हणाला आणि मग आठ दिवस तोंड पाडून बसला. आम्हाला वाटलं, वय झालं, काम नको झालं असेल. सहलीहून परतल्यावर लगेच रुजू व्हायचं होतं.

सहल काढली माझ्या भाचीने, म्हणजे पान्याच्या मुलीने. आईबाबांना आयुष्यात एकदा परदेश दाखवायचा, असं तिने पहिल्या पगाराला ठरवलं होतं. ते जमायला बारा वर्षं गेली. जावयाला रजा मिळेना, म्हणून ऐनवेळी त्याच्या जागी माझी वर्णी लागली. माझे गुडघे बघता हा मूर्खपणा होता, पण मला कुणाला दोनदा विचारावं लागलं नाही.

भाचीने प्रत्येक शहराचा तक्ता केला होता. किती वाजता उठायचं, कुठल्या दाराने शिरायचं, कुठल्या चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं. आणि तिचा बाप त्या तक्त्याला सुरुंग लावत चालला होता. पहिल्याच शहरात, नदीच्या कडेने ती सांगतेय, "बाबा, तो पूल बघा, चारदा पडला आणि चारदा बांधला," तर बाबा वीस पावलं पुढे, हात मागे बांधून, भलत्याच बाजूला बघतायत.

"बाबा!"

बाबा चालतायत.

"अहो बाबा, थांबा ना!"

शेवटी पोरीने धावत जाऊन शर्ट ओढला. हा वळला आणि म्हणाला, "हो हो, छान आहे."

"काय छान आहे?"

"सगळंच."

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "बाप तुझा पहिल्यापासून असाच. त्याच्या लग्नात भटजी काय बोलले तेही त्याने ऐकलं नव्हतं." हे मी गमतीत म्हटलं. पोरीने ते गमतीत घेतलं नाही.

आता मागे वळून बघताना सगळं लख्ख दिसतं. तो नेहमी पुढे चालायचा, म्हणजे बोलायचं असेल त्याने समोर येऊन बोलावं. जेवताना भिंतीकडची डावी खुर्ची धरायचा, म्हणजे सगळी माणसं उजव्या कानाकडे. वेटरने काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवून "सेम" म्हणायचा. त्यापायी त्याने तीन दिवस माझं अळणी सूप प्यायलं, बिचाऱ्याने. आम्ही हसलो की हाही हसायचा, पण अर्ध्या सेकंदाने. एवढी शिकलेली मी, आणि मला हे दिसलं नाही! माझी भावजय तेवढी त्याच्याशी बोलायची तेव्हा उत्तर बरोबर मिळायचं. पण ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. ती साखर मागते तेव्हासुद्धा शेजारचे पळायला लागतात.

आणि प्रत्येक हॉटेलात ती फेरी! लिफ्ट रिकामी वर गेल्याशिवाय हा आम्हाला आत पाऊल टाकू देईना. त्यासाठी कुणीतरी जिन्याने वर जाऊन बटण दाबायला हवं. भावजयीची पाठ, माझे गुडघे, म्हणजे उरली भाची. "चार मजल्यांची लिफ्ट आहे म्हणून मी हे हॉटेल घेतलं," ती दात-ओठ खात म्हणायची, "आणि चारही मजले मीच चढते!" वरून ती बटण दाबायची, लिफ्ट घरघरत वर जायची, आणि खाली पान्या दाराला कान लावून, डोळे मिटून उभा. मागे सामान घेतलेल्या लोकांची रांग. एका गृहस्थांनी तर त्याला बरं वाटत नाही असं समजून पाणी आणून दिलं. हाही ते पिऊन मोकळा झाला.

तिसऱ्या शहराला निघताना स्टेशनवर आमच्या गाडीचा फलाट बदलला. घोषणा झाली, आम्ही तिघी सामान ओढत निघालो. भाची ओरडली, "बाबा, सातवर!" हा बाकावर तसाच. आम्हाला वाटलं येतोय. गाडी सुटायला तीन मिनिटं असताना भाची उलटी धावली आणि त्याला हाताला धरून आणलं. डब्यात बसल्यावर ती त्याच्या शेजारून उठली. माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाली, "आत्या, मी चौथं शहर रद्द करते. आपण परत जाऊ."

"डोकं फिरलंय का?"

"त्यांना माझं काही ऐकायचंच नाहीये. बारा वर्षं मी यासाठी... जाऊ दे. यायचं नव्हतं त्यांना, तर तसं सांगायचं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. समोर तिचा बाप खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचाही चेहरा काही सहलीला निघालेल्या माणसाचा नव्हता. मला दोघांचाही राग आला. मला राग लवकर येतो.

तिसऱ्या शहरातलं हॉटेल म्हणजे उभं धरलेलं कपाट. अरुंद, जुनं, आणि लिफ्ट एवढीशी की दोन माणसं आणि एक पिशवी. भाची तरातरा जिने चढून गेली. तिने बटण दाबलं. लिफ्ट रिकामी वर निघाली. दुसऱ्या मजल्यापाशी मला स्पष्ट ऐकू आलं: टक्, टक्, टक्.

"हे काय रे वाजतंय?" मी विचारलं. तो दाराला कान लावून उभा होता, डोळे मिटलेले. उत्तर नाही. मग लिफ्ट खाली आली तसे डोळे उघडून म्हणाला, "ठणठणीत आहे. चल ताई, दुसरी फेरी आपली."

बेचाळीस वर्षांचा अनुभव. मी कोण शंका घेणारी? आत शिरले.

दुसरा मजला ओलांडून वीतभर वर गेलो असू. टक्, टक्, आणि मग धप्प. थांबली.

पान्याचं तोंड बघण्यासारखं झालं. स्वतः पास केलेल्या लिफ्टमध्ये तो आयुष्यात कधी अडकला नव्हता. त्याने धोक्याचं बटण दाबलं. भिंतीतल्या जाळीतून एका बाईचा आवाज आला: घाबरू नका, माणूस बोलावला आहे, वीस मिनिटं लागतील. मी "बरं, आभारी आहे" म्हटलं, त्यांच्या भाषेत नाही तर निदान इंग्रजीत.

पान्याने पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा.

"हे मेलेलं दिसतंय," तो म्हणाला.

बाई बोलतच होती. तुम्ही ठीक आहात ना, बसून घ्या, वगैरे. आणि हा तिच्या तोंडासमोर उभा राहून, "तार तुटली असणार. देखभाल नाही, दुसरं काय!"

"पान्या," मी म्हटलं, "ती बाई मघापासून बोलतेय."

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग जाळीकडे. मग पिशवी आडवी टाकून तिच्यावर बसला.

"कधीपासून?" मी विचारलं. या वेळी समोर वाकून, मोठ्याने.

"दीड वर्ष. डावा गेलाच. उजवा थोडा आहे." त्याने कपाळ पुसलं. "टकटक होत होती ना? दाराच्या कुलपाचं चाक झिजलंय. लिफ्टची गाडी जाताना त्याला धक्का बसतो, करंट तुटतो, गाडी थांबते. शिकाऊ पोराला ऐकू येईल असा आवाज आहे तो, ताई. आणि मी तुला त्यात बसवलं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवून काय? तो मशीन देणार. कानात मशीन घालून मी पोरांना सांगू, ऐका म्हणून? हसतील मला." मग म्हणाला, "सांगितलं असतं तर शाळेवाल्यांनी बोलावलंच नसतं. मी 'हो' म्हटलं आणि तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाहीये."

"आणि तुझी पोर? तिला वाटतंय तुला तिचं काही ऐकायचंच नाही. परत निघालीय ती."

हे त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्याने मान खाली घातली. माझा तो बावळट, प्रामाणिक भाऊ बासष्टाव्या वर्षी पिशवीवर बसून आठ वर्षांचा दिसायला लागला. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, म्हणून मी फिरवला. मग टपलीही मारली.

तेवढ्यात त्याने तळहात भिंतीला टेकवला. "आला," म्हणाला.

"कोण?"

"माणूस. वर मोटारीपाशी. पेटी उघडली त्याने... ब्रेक सोडतोय... थांब, आता हाताने चाक फिरवेल. नवखा आहे, झटके देणार. कडी धर."

मी कडी धरली आणि तिसऱ्या क्षणाला लिफ्टला झटका बसला. मीही तळहात भिंतीला लावून पाहिला. मला थंडगार पत्रा लागला, बाकी शून्य.

"हे तुला हाताला कळतं?"

"मग? कान जायला लागले तसं हे वाढत गेलं. पण याला कोण ऐकणं म्हणतं."

"अरे गाढवा, मग हेच शिकव की! आजकालच्या पोरांच्या कानांत नाहीतरी दिवसभर गाणी खुपसलेली असतात. हात तरी मोकळे आहेत त्यांचे."

त्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. लिफ्ट इंचाइंचाने खाली सरकत होती.

"दार उघडायच्या आत ठरव," मी म्हटलं. "पोरीला तू सांगणार की मी?"

"तू सांग ना, ताई."

"मी नाही सांगणार."

दार उघडलं. दुसऱ्या मजल्यावर भाची उभी होती, घामाघूम, रडून नाक लाल झालेलं. मागे जिन्याने वर आलेली तिची आई. पान्या बाहेर आला, मुलीच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं. लिफ्टची टकटक नाही आली, आणि तुझं पण... पुलाचं काय सांगत होतीस?"

भाची आधी भडकली. "तीन शहरं! तीन शहरं मी तुमच्या मागे बोंबलत फिरले, बाबा! सांगता येत नव्हतं?" आणि मग तिथेच, त्या अरुंद बोळात, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन दंडाला धरून उभी राहिली ती सहल संपेपर्यंत तिथून हलली नाही.

मी भावजयीकडे वळले. "तुला धक्का बसला असेल."

"मला?" ती कडाडली. "मग दीड वर्ष मी हौसेने ओरडतेय का? घसा फाटला माझा!"

"म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"ह्यांना लपवायचं होतं ना, लपवू दे म्हटलं. मी आपली आवाज वाढवत गेले."

आणि मी समजत होते, बाईचा आवाजच तसा! शिकून फार उपयोग होत नाही हे मला अधूनमधून कळतं.

त्याच दिवशी जेवताना पान्याने भाचीकडून शाळेला निरोप लिहवून घेतला. मजकूर त्याचा: डावा कान गेला आहे, उजवा थोडा आहे, मशीन लावीन, हाताने लिफ्ट ओळखायला शिकवू शकतो, चालत नसेल तर मोकळेपणाने कळवा. वेटर आला तेव्हा भाचीने त्याच्या उजव्या कानात सगळी यादी वाचून दाखवली आणि त्याने जन्मात कधी खाल्ला नव्हता असा पदार्थ मागवला. आवडला नाही. तरी ताट चाटूनपुसून लख्ख केलं.

दोन दिवस उत्तर नाही. तो फोन खिशातून सारखा काढून बघायचा. आम्ही चौथ्या शहरात पोचलो. रद्द केलं नव्हतं, हे सांगायला नको. हॉटेलात शिरलो, आणि भाची स्वतःहून जिन्याकडे निघाली.

"थांब," पान्या म्हणाला. मग बायकोकडे वळला. "अहो बाई, इकडे या. तुम्ही कान लावा. मी हात लावतो."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"जे ऐकू येईल ते सांगा." मग त्याने भाचीला वर जायची खूण केली, आणि तिने वरून बटण दाबलं.

लिफ्ट रिकामी वर निघाली. एका बाजूला तो, तळहात दाराला टेकून. दुसऱ्या बाजूला ती, कान लावून, मुलांची शर्यत सोडताना असायचा तसा चेहरा करून. मागे रांग लागली होती. लागू दे.

"तिसऱ्यावर कुरकुरली," भावजय म्हणाली.

"बरोबर. मलाही तिथेच लागलं. तेल कमी आहे, धोका नाही."

एवढ्यात त्याने खिशावर हात मारला. फोन थरथरला होता. ते त्याला लगेच कळलं. त्याने निरोप वाचला आणि फोन परत खिशात टाकला.

"काय म्हणतात?" मी ओरडले.

"फेरी पुरी होऊ दे आधी."

लिफ्ट खाली आली. दुसरी फेरी आपली, म्हणून तो आत शिरला आणि या वेळी बायकोलाही बरोबर घेतलं. दार मिटता मिटता त्याने फोन माझ्या हातात कोंबला. मी चष्मा लावून वाचलं. शाळेने लिहिलं होतं: अवश्य या. आमच्याच इमारतीची लिफ्ट आठ दिवस बंद आहे, कारण सापडत नाही. जमलं तर दोन दिवस आधी या. मला हसू आवरेना.

वरून भाचीचा आवाज आला, "आत्या, काय झालं? हसताय काय एवढ्या?" आता तिला चार मजले ऐकू जाईल असं कोण सांगणार? भावजय तर वर गेली होती. मग मीच ओरडले.