न घेतलेला श्वास

दिवाकर मोघ्यांचे वरचे पुढचे दात ऐन चैत्रात गेले. साठी ओलांडलेल्या माणसाचे दात जाणं ही काही बातमी नव्हे; आपल्याकडे लोक कवळी बसवतात आणि आठवड्याभरात पुन्हा कडक शेव खायला लागतात. पण सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला माउथपीस वरच्या दातांखाली दाबून धरावी लागते, आणि त्या आधारावरच सगळा सूर उभा राहतो. कवळीखाली माउथपीस हलते, कडेने हवा निसटते आणि फाटक्या भात्याला लाजवेल असा आवाज येतो. दिवाकरांचं तसंच झालं. आणि तेसुद्धा त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या अल्बमचा एकच तुकडा वाजवायचा राहिलेला असताना.

त्यांचे वडील मिलमध्ये कारकून होते, बिऱ्हाड छत्रीबाग मोहल्ल्यात. लहानपणी एकदा महूला लष्करी बँड ऐकला आणि मुलगा वेडावला. तिथल्या एका निवृत्त बँडमास्तरांकडे तो दर रविवारी जाऊ लागला. मास्तर फारसं शिकवत नसत, पण एक गोष्ट त्यांनी डोक्यात पक्की बसवली: आधी श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं, सूर नंतर. पुढे दिवाकरांनी देपालपूरला विमा कचेरीत नोकरी केली, रोज बसने जाऊन येऊन. संध्याकाळी लग्नांच्या रिसेप्शनमध्ये आणि मग एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत वाजवलं. सगळी दुसऱ्यांची गाणी. लॉबीत ऐकतं कोण म्हणा. एकदा तर एका पाहुण्याने ऐन रंगात आलेला तुकडा थांबवून त्यांना बाथरूम कुठे आहे ते विचारलं. त्यांनी ते नीट सांगितलं आणि तिथूनच पुढे वाजवायला घेतलं.

वाजवताना त्यांचे डोळे मिटायचे आणि मानेची शीर फुगायची. बायको उषा त्यावरून त्यांना कायम रागवायची. घरी आले की बेसिनच्या फळीवर कोमट मिठाच्या पाण्याचा पेला भरून ठेवलेला असे, कारण खालचा ओठ दातांवर दाबून आतून सोलवटायचा. लग्न झाल्यापासून हा पेला कधी चुकला नव्हता. नवऱ्याचं वाजवणं तिला कितपत कळत होतं कोण जाणे, पण त्याचा ओठ तिला नक्की कळत होता.

लॉबीत कीबोर्डवर त्यांच्या साथीला असत यशोधरा दिघे. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, पेटीवर हात बसलेल्या, मितभाषी बाई. मोघे आणि दिघे मिळून दोघे, अशी चेष्टा मित्र करायचे, तेव्हा जोडीचं नावच त्यांनी ‘दोघं’ ठेवून टाकलं. दिवाकरांना मरायच्या आधी एकच गोष्ट हवी होती. आपण फुंकलेलं, आपल्या छातीतून आलेलं काहीतरी मागे राहावं, ज्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नसेल. त्यासाठी दोघांनी स्वतःच्या चाली केल्या, संथ, मऊ, जॅझच्या अंगाच्या. अल्बमचं नाव ‘सावकाश’.

दात गेले तेव्हा स्टुडिओवाला जयेश म्हणाला, “काकाजी, टेन्शन नका घेऊ. शेवटचा पीस दीदी कीबोर्डवरच सॅक्सच्या आवाजात वाजवून देतील. कुणाला पता पण नाही लागणार.”

कवळी एकदा नीट घट्ट बसली की आपण तो तुकडा पुन्हा फुंकू आणि हा काढून टाकू, अशी दिवाकरांनी मनाची समजूत घातली. यशोधराबाई बसल्या आणि त्यांनी ‘दुपार, छत्रीबाग’ वाजवला. बोटांना काही दम लागत नाही. त्यांनी पहिली लांब ओळ सुरू केली आणि ती न तोडता थेट शेवटापर्यंत नेली. श्वासाला त्यात जागाच नव्हती. पेटीवाल्या माणसाची ही चूक, ती दिवाकरांच्या तत्क्षणी लक्षात आली. पण ती ओळ इतकी सुंदर होती की त्यांना बोलवेना. कवळीचं काम लांबत गेलं, आणि अल्बम तसाच बाहेर पडला.

महिनाभर कुणी दखल घेतली नाही. मग एका वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं की हॉटेलात चहा निवेपर्यंत ऐकायला हे संगीत बरं आहे. दुसऱ्याने ‘गुळगुळीत’ हा एकच शब्द वापरला आणि विषय मिटवला. दिवाकरांनी ते उषाला हसत हसत वाचून दाखवलं, पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

त्यानंतर पुण्याच्या एका मासिकात संहिता नावाच्या तरुण समीक्षक मुलीचा लेख आला, चांगला पानभर. बाकीच्या तुकड्यांना तिने सभ्यपणे चार ओळींत निरोप दिला होता. उरलेलं सगळं पान ‘दुपार, छत्रीबाग’वर. उषाने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: “इथे मोघ्यांचा सॅक्सोफोन पहिल्यांदा बोलतो. हा न तुटणारा श्वास कमवायला माणसाला अख्खं आयुष्य घालवावं लागलं असेल.” दिवाकर तिला खरं सांगणार होते. पण वाचून होताच ती उठली, कात्रण कापून टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि महूच्या बहिणीला फोन लावला. बोलायची वेळ निघून गेली.

मग मराठी मंडळाने रविवारी सकाळी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. संहिता पुण्याहून येणार होती, आणि तो एक तुकडा समोर ऐकवावा असा तिचा हट्ट होता. दिवाकर मागच्या खोलीची खिडकी लावून कवळीने सराव करू लागले. ओळ अर्ध्यावर आली की हवा संपे, डोळ्यांपुढे अंधारी येई. मध्ये श्वास घेतला तर ती ओळच राहत नसे, चारचौघांसारखी कुठलीतरी ओळ होऊन जाई. ऐन तारुण्यातल्या छातीलाही जे झेपलं नसतं, ते आता कुठून झेपायचं?

ते यशोधराबाईंकडे गेले आणि म्हणाले, आपण खरं सांगून टाकू.

“सांगायचंच असेल तर मी सांगते, दिवाकरजी,” त्या म्हणाल्या. “पण मग बाकीचे पीस कोणी ऐकणार नाही. तुमचे तर तेच आहेत.”

खरा श्वास ज्यात होता ते तुकडे कुणाला नको होते. आणि ज्याने ते जगणार होते, त्यात श्वासच नव्हता. दिवाकरांना स्वतःची लाज वाटली, आणि तरी ते म्हणाले, “तुम्ही वाजवा. मी उभा राहतो.”

कार्यक्रमाच्या सुरुवातीला अल्बममधले बाकीचे तुकडे स्पीकरवरून लावले होते. मागच्या बाजूला पोहे वाढायला सुरुवात झाली होती, आणि लोक एकेक करून उठून प्लेट आणत होते. दिवाकर मंचावर बसून स्वतःचा श्वास ऐकत होते. तो त्यांच्याशिवाय दुसरं कुणीही ऐकत नव्हतं.

मग त्यांना उभं केलं. त्यांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला, बोटं एकूण एक चावीवर बिनचूक फिरवली आणि हवा फुंकली नाही. यशोधराबाई साथीला बसल्यासारख्या मान खाली घालून कीबोर्डवर सॅक्सच्या आवाजात वाजवत होत्या. पोह्यांच्या प्लेटा जागच्या जागी थांबल्या. पहिल्या रांगेत उषा बसली होती, नवी साडी नेसून. तुकडा संपला तेव्हा सगळा हॉल उभा राहिला.

“काका, मी मुद्दाम तुमच्या छातीकडे बघत होते,” संहिता मंचावर येऊन म्हणाली. “तुम्ही श्वास कुठे घेतलात ते मला दिसलंच नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बिचारीने अगदी खरं तेच सांगितलं होतं. दिवाकर ओठ मिटूनच हसले.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. रिक्षात उषा बाहेरच बघत बसली होती. गर्दीने दमली असेल असं त्यांना वाटलं. ती साडी बदलून स्वयंपाकघरात गेली, तांदूळ धुवायला घेतले. दिवाकर बेसिनपाशी गेले. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि सवयीने फळीकडे हात नेला. फळी रिकामी होती. विसरली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.

“उषा, मिठाचं पाणी?”

तिने तांदळातून हात काढला नाही, वळूनही पाहिलं नाही.

“अहो, आज तुमच्या मानेची शीर जराही फुगली नाही,” ती म्हणाली. “ओठ कशाने दुखेल?”

तिचा आवाज चिडका नव्हता, आणि तेच दिवाकरांना सोसवेना.