हॅम्बुर्गात एका टेबलावर तिघं

माझी बायको म्हणते, "तुम्ही जर्मनीत होतात दीड वर्ष, पण किस्से आहेत तीस वर्षांचे!"

तिचं खोटं नाही. दर शिमग्याला आम्ही तिघं दोस्त रेवदंड्याला माझ्या ओटीवर जमतो आणि दर खेपेला एक तरी किस्सा नवा निघतो. जुन्यांना फाटे फुटतात ते वेगळेच. कोणता कुणाच्या बाबतीत घडला यावरून भांडणंही होतात!

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी नाथा, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. दुसरा बापू, श्रीवर्धनचा, सुपारीच्या वाडीतला, मांसमच्छीला न शिवणारा ब्राह्मण. तिसरा हसन, दिघीचा. त्याचे अब्बा दिघीहून आगरदांड्याला होडीनं माणसं पार करायचे. आम्ही तिघंही मुंबईत एकाच वर्कशॉपमध्ये फिटर. साठ सालच्या आसपास आपल्याकडच्या मच्छीमारी होड्यांना इंजिनं बसायला लागली, तेव्हा ती इंजिनं शिकून यायला आम्हाला दीड वर्षासाठी हॅम्बुर्गच्या एका कारखान्यात पाठवलं.

आता बघा. बापूला मांस नको, मासा नको. हसनला डुक्कर नको. मी निघताना आयच्या पायावर हात ठेवून सांगितलेलं, गाईला तोंड लावणार नाही. आणि शहर असं, की जेवण म्हटलं की हेच दोन प्राणी!

*

कारखान्यात दुपारचे बारा वाजले की जो भेटेल तो आम्हाला म्हणायचा, "माल्त्साइट!"

बापूनं डिक्शनरी काढली. म्हणाला, "अरे, याचा अर्थ जेवण! हे आपल्याला जेवायला बोलावतायत!"

पहिले आठ-दहा दिवस बापू सगळ्यांना मान डोलावून "हो हो, येतो येतो" म्हणत राहिला. जिन्यात, गेटवर, अगदी संडासाच्या दारात उभा असलेला माणूससुद्धा त्याला जेवायचं आमंत्रण देत होता. बापू हरखून गेला. "आपल्या कोकणातसुद्धा एवढा आग्रह नाही रे होत!"

शेवटी त्यानं आमच्या फोरमनला गाठलं. म्हणाला, "चाळीस जणांनी बोलावलंय. सगळीकडे जाणं काही जमणार नाही. कुणाकडे जाऊ म्हणजे बाकीचे रागावणार नाहीत?"

फोरमन आधी चक्रावला, मग पोट धरून हसला. त्यानं समजावलं, की ही आमची दुपारची नुसती राम-राम म्हणायची पद्धत आहे, जेवायला कुणी बोलावत नाही.

बापूचा चेहरा पडला. खोलीवर येऊन म्हणाला, "मग राम-रामच म्हणा की! उपाशी माणसापुढे जेवणाचं नाव कशाला काढता?"

*

बापू उपाशी होता, हे मात्र अगदी खरं होतं. घरमालकीणबाईंकडचे उकडलेले बटाटे आणि पाव, यावर त्यानं दोन महिने काढले. कारखान्याचा डॉक्टर दर महिन्याला आमची वजनं करायचा. बापूचं वजन बघून त्यानं चष्मा काढला. "आणखी एक महिना बघतो. वजन असंच उतरत राहिलं तर तुम्हाला घरी पाठवणार."

घरी पाठवणार म्हणजे ट्रेनिंग अर्धवट, आणि मग वर्कशॉपची नोकरीही कुठली राहतेय! बापू त्या दिवशी खाटेच्या कडेला बसून राहिला. म्हणाला, "नाथा, गावातले म्हणतील, बापूला तिकडे खायला मिळेना म्हणून पळून आला. घरी आमच्या अण्णांना किती लागेल!"

हसन उठला आणि त्यानं टोपी घातली. "चल. एवढं मोठं शहर आहे. एक टेबल असं कुठे तरी असेलच, जिथे आपण तिघं बसून जेवू."

त्या दिवसापासून दर शनिवारी आमची फेरी सुरू झाली. दर खेपेला एक नवा भाग धरायचा आणि पायी हिंडायचं. सारं शहर पाहिलं आम्ही ते असं, खानावळींच्या दारांवरच्या पाट्या वाचत!

आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ पेटर्सन, यांच्याकडून बापूनं एक वाक्य घोकून घेतलं होतं. "मी मांस खात नाही." पहिल्याच खानावळीत त्यानं ते खणखणीत म्हटलं. वाढणारी बाई समजूतदार होती. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मांस नाही ना? काही हरकत नाही. सॉसेज आणते!"

*

एका शनिवारी आल्टोना भागात एका खानावळीबाहेर फळा दिसला. त्यावर खडूनं त्या दिवशीचा पदार्थ लिहिलेला. हसन थबकला. आम्हाला हाताला धरून त्यानं फळ्यासमोर उभं केलं.

"वाच! काय लिहिलंय?"

आम्ही अक्षरं लावली. एच, ए, एस, ई, एन, पुढे काहीतरी ब्राटन. जवळजवळ हसनच की!

"माझं नाव आहे! बघा, कुणी तरी आपला माणूस इथे येऊन गेलाय!"

तो ताडताड आत गेला. काउंटरमागे ओटो नावाचा अंगानं दांडगा मालक होता. हसननं बाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आपल्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये मोठ्यानं सांगितलं, "मी हसन आहे!"

सगळी खानावळ वळून बघायला लागली. ओटोनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मग सावकाश म्हणाला, "मग उशीर केलास. आजचे सगळे ससे केव्हाच शिजले!"

भाजलेला ससा. त्यांच्या भाषेत सशाला हेच म्हणतात. पुढे ती खानावळ आमची झाली, पण ओटोनं हसनला एकदाही नावानं हाक मारली नाही. हसन दारात दिसला, की दोन्ही हात डोक्याच्या बाजूला धरून कान हलवून दाखवायचा!

*

त्याच ओटोकडे बापूचं नशीब उघडलं.

ओटोनं एकदा त्याच्यासाठी उकडलेले बटाटे आणि बाजूला एक पांढरा, घट्ट गोळा आणून ठेवला. बापूनं चमच्याच्या टोकानं चाटून बघितलं. मग पुन्हा चाटलं. त्याचे डोळे भरून आले.

"नाथा, चक्का आहे रे हा! चक्का!"

बटाटे त्यानं बाजूला सारले. कॉफीसाठी ठेवलेली साखर ओढली आणि चमच्यानं चक्का घोटायला लागला. खिशातून सुपारीची डबी काढली. तिच्यात वेलदोडे असायचेच. दोन सोलून दातांनी फोडणार, तेवढ्यात हसन म्हणाला, "दातानं नको, लोक बघतायत!" मग वाटीच्या बुडानं दाणे चेचले. शेजारच्या टेबलांवरचे लोक खाणं थांबवून बघत होते. ओटो पुढे आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हटलं, आता हाकलतोय.

बापूनं चमचा भरून त्याच्यापुढे धरला.

ओटोनं खाल्लं, डोळे मिटले. म्हणाला, "वेलदोडा तर आम्ही नाताळच्या केकमध्ये घालतो. नाताळ यायला अजून चार महिने आहेत. कोण आहेस तू?"

दिलेला महिना भरल्यावर डॉक्टरनं बापूचं वजन केलं आणि काटा बिघडलाय का म्हणून स्वतः त्यावर उभा राहून बघितला. "काय खाता तुम्ही?"

"श्रीखंड."

डॉक्टरनं पेन उघडलं. "स्पेलिंग सांगा."

*

हॅम्बुर्गला एल्बे नदीच्या खालून बोगदा आहे. लिफ्टनं खाली उतरायचं, पांढऱ्या फरशांच्या वाटेनं चालत जायचं आणि पलीकडच्या काठाला वर यायचं. आमचा कारखाना पलीकडे. मी आणि बापू रोज बोगद्यातून जायचो. हसन नाही! तो फेरीबोटीनंच जायचा. वारं असो, बर्फ असो, डेकवर नाक लाल करून उभा.

"लोक असे खालून चालायला लागले तर होडीवाल्यानं खायचं काय?" असं त्याचं म्हणणं. बोटीवरच्या लोकांशी त्याची गट्टी जमली होती. तेही त्याला मान द्यायचे, कारण तो त्यांच्याच धंद्यातला.

एके दिवशी धुकं एवढं पडलं, की फेरीबोट बंद. हसनला नाइलाजानं आमच्याबरोबर खाली उतरावं लागलं. अर्ध्या वाटेवर तो थांबला, वर बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. पलीकडे पोचेपर्यंत ती पुन्हा घातली नाही.

तेव्हा त्यानं अब्बांना लांबलचक पत्र लिहिलं. इथे नदीच्या खाली रस्ता आहे, वरून बोटी जातात आणि खालून माणसं चालतात, मोटारीसुद्धा जातात, माझे कपडे जराही भिजले नाहीत.

महिन्याभरानं दिघीहून उत्तर आलं. खुशाली वगैरे काही नाही, दोनच ओळी.

"पत्र लिहिताना शुद्धीत राहत जा. आणि तिकडे जे काय पितोस ते आधी बंद कर!"

*

आता माझा. माझ्या ट्रंकेत आयनं बांधून दिलेले सुके बोंबील होते. बरेच दिवस मन आवरलं, पण एका रविवारी बाहेर नुसता पाऊस आणि पोटात रेवदंडा! फ्राऊ पेटर्सन बाहेर गेल्या होत्या. मी गॅस पेटवला आणि चार बोंबील भाजायला घेतले.

दहा मिनिटांत जिन्यात पळापळ. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं गॅस गळत असल्याची वर्दी दिली होती! गणवेशातला एक माणूस हातात पेटी घेऊन प्रत्येक दारात हुंगत हुंगत वर चढला आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. बापू नाकाला पंचा लावून खिडकीत बसलेला. हसन म्हणाला, "साहेब, गुन्हेगार तव्यावर आहे!"

त्या माणसानं वाकून वास घेतला. एक बोंबील उचलला, मोडला, तोंडात टाकला. चावत चावत खुर्चीवर बसला. म्हणाला, "माझं बालपण उत्तरेच्या बेटावर गेलं. आमची आई असेच मासे दोरीवर वाळवायची."

चारपैकी तीन त्यानं खाल्ले! जाताना जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "गळती सापडली! बंद केली!"

*

आणि हा शेवटचा, आम्ही परत आल्यानंतर चार-पाच वर्षांनी, इथे रेवदंड्यातच घडलेला.

फ्राऊ पेटर्सन यांचा भाऊ एका मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. ती बोट आठवडाभर मुंबईला लागणार होती, म्हणून बाई त्याच्याबरोबर आल्या आणि रेवसच्या लाँचनं आमच्याकडे आल्या. दीड वर्ष आमची आई होऊन राहिलेली बाई! सगळा कोळीवाडा बघायला लोटला.

दुपारी आय मासळी वाळत घातलेल्या मांडवाकडे निघाली, तर बाईही तिच्यामागे गेल्या. मी दुभाष्या म्हणून जाऊन बसलो. आयनं मला हात हलवून हाकललं. "तू जा. तुजा इथं काय काम न्हाय."

आयला मराठी सोडून काही येत नव्हतं आणि बाईंना जर्मन सोडून. दोघी बोंबील उलटत ऊन उतरेपर्यंत तिथे बसल्या. मी लांबून बघत होतो. मध्येच आयनं पदर डोळ्यांना लावला. मध्येच दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आयला विचारलं, "काय बोललीस गं एवढं?"

"मी कशाला बोलू? तीच बोलत व्हती, मी नुसती आयकत व्हते. तिचा दादला बोटीवर जेवन रांधायचा. लढाईत बोट बुडाली. कांदा कापताना गायाचा म्हनं, म्हनून ही अजून कांदा कापत न्हाय."

दीड वर्ष आम्ही त्या घरात जेवलो. बाईंनी नवऱ्याचा एक शब्द कधी काढला नव्हता. आणि खरंच, त्यांच्या स्वयंपाकात कांदा कधीच नसायचा. आम्ही समजायचो, बापूसाठी घालत नाहीत.

बाईंना सोडायला रेवसला गेलो. लाँच लागायची होती. मी भीत भीत म्हटलं, "तुम्ही आईला तुमच्या मिस्टरांबद्दल सांगितलंत?"

त्या चकित झाल्या. "मी? मी काहीच बोलले नाही. तुझी आईच बोलत होती, तुझ्या वडिलांबद्दल. होडी उलटली त्या दिवसाबद्दल." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "नाथा, कोळी असून त्यांना पोहता येत नव्हतं. केवढी भीती वाटत असेल रे त्यांना रोज!"

लाँच सुटली. मी मिळेल त्या एस.टी.नं घरी आलो. आय मांडवाखाली वाकून मासळी उलटत होती. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा. सगळा कोळीवाडा मला सांगत आला होता, की तुझा बाप माशासारखा पोहायचा.

मी विचारलं, "आय, बाबांना पोहायला येत नव्हतं?"

तिचा हात थांबला.

"तुला कोनी सांगितला?"