डाव्या पायाचं जोडवं

आमची मंडळी वारून तीन महिने झाले. ही गोष्ट सांगितल्याबिगर घास खाली उतरत नाही. मला चौथीपुढं शाळा नाही, तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ. नेवाशाच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी खणायचो, ती पाट्या वाहायची. पहिलटकरीण, आठवा लागलेला. दोन्ही पाय सुजून खांबासारखे झालेले, जोडवी बोटांत रुतलेली. माझी आई येईल त्याला ते पाय दाखवायची. "पाय भरल्यात, पोरगाच हाय," म्हणायची. मीबी तेच चार जणांत सांगत हिंडायचो.

दर मंगळवारी कामावर दवाखान्याची जीप यायची, लिंबाखाली उभी राहायची. एक नर्सबाई पोटुशा बायांना तपासायची. तिनं हिच्या दंडाला पट्टी बांधून फुगवली, काटा बघितला, पुन्हा फुगवली. मग मला बोलावून घेतलं.

"दादा, हिला आजच्या आज नगरला न्यायला पाहिजे. गाडीत बसवते. आणि डाव्या पायातलं जोडवं आधी काढा, बोट काळं पडलंय."

आईबी कामावर असायची. ती म्हणाली, "सवाशिणीचं जोडवं दादला मेल्यावर निघतं, बाई."

मी म्हणालो, "मी मेलो का? ह्यो काय तुमच्या म्होरं उभा हाय!"

कामावरची माणसं हसली. हसली तसा मला जोर आला. "का गाडीत घालून पोरं बंद व्हायचं आपरेशन करून पाठवायचा बेत हाय?" अजून हसली.

"तुम्ही ठणठणीत आहात, दादा," बाई म्हणाली. "मरायची पाळी हिची आहे."

"अभद्र बोलू नका. निघा."

जीप गेली. हिनं माझी बाही धरली. "आवं, डोळ्याम्होरं चांदण्या दिसत्यात."

"दिवसा चांदण्या? उचल पाटी."

तिनं उचलली.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती भाकरी थापता थापता आडवी झाली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय ताडताड उडायला लागले. आई ओरडली, "मंगळवार हाय! देवी आली!" हिचे केस सोडले, कपाळभर कुंकू फासलं. मी नारळ फोडला. आई केसाला धरून विचारायची, "कोन तू, आई? काय चुकलं आमचं? नातू देतीस न्हवं?" आळीतल्या बाया पाण्याचे तांबे घेऊन आल्या. त्या सुजल्या पायांवर पाणी घालून पाया पडायला लागल्या. एक झटका थांबला, दुसरा आला. आम्हाला वाटलं, देवी लई पावली.

आमच्या दारातून तलावाची वाट दिसायची. जीपची धूळ मी बघितली. बघितली आणि कापूर संपला म्हणून वाण्याकडं गेलो.

आळीतलीच एक बाई कामावर गेली. तिनं कौतुकानं देवीची गोष्ट सांगितली, ती नर्सबाईच्या कानावर पडली. नर्सबाई जीप घेऊन थेट घरी आली. आई दारात आडवी आली. "अंगात हाय तिच्या, शिवू नका!" बाईनं तिला ढकलून दिलं. हिच्या दातांत फडकं घातलं, सुई टोचली. मग जीपमधली पक्कड मागवून डाव्या पायाचं जोडवं तोडलं. त्याच्यासंगं बोटाचं कातडं आलं. हिला गाडीत घातलं. मी मागं बसलो, तेव्हा हातात खोबऱ्याचा तुकडा तसाच होता.

नगरला ही जगली. पोर मेलेलं निघालं. पोरगी होती.

आई म्हणाली, "पोरगीच व्हती ना, गेली ते बरं झालं." मलाबी तेव्हा तसंच वाटलं. खोटं कशाला लिहू?

पुन्हा तिची कूस भरली नाही. आई मरेपर्यंत तिला वांझ म्हणाली. भांडण झालं की मीबी म्हणायचो. तिनं कधी उलटून उत्तर दिलं नाही. फक्त डाव्या पायात पुन्हा जोडवं घातलं नाही. कुणी विचारलं तर "बोट दुखतं" म्हणायची. पन्नास वर्षं तेवढंच म्हणाली.

शेवटच्या दुखण्यात तिचे पाय पुन्हा सुजले. एके दुपारी मला जवळ बसवून म्हणाली, "आवं, मी मेल्यावर त्या पायात जोडवं घालू देऊ नका. येवढं एक करा माझं."

मी व्हय म्हणालो.

गेली, तेव्हा बायांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. शेजारीण नवी जोडवी घेऊन आली. "भाग्याची गं, अहेव गेली," बाया म्हणत होत्या.

मी म्हणालो, "डाव्या पायात नगं."

"गप बसा, आबा. बायकांचं काम हाय. तुमी जित्तं हाय न्हवं? मग सवाशीण तशी कशी धाडायची?"

सगळी भावकी बघत होती. त्या दिवशी कामावर एवढ्या लोकांत बोललो होतो, इथं तोंड उघडेना. सुजल्या बोटात जोडवं जाईना. शेजारणीनं खोबरेल चोपडलं, पाय मांडीवर घेतला आणि दाबून बसवलं.