फिरत्या बाई आणि एक फॉर्म

सुनंदाचा अकरावीचा फॉर्म मी तिला न विचारता बदलला. वाणिज्य आणि गणित होतं, तिथे कला आणि इतिहास केलं. चुकून झालेलं नव्हतं हे. चहा पिऊन, शांत डोक्याने केलं होतं.

सुनंदा जवळच्या पाम गावची. जन्मापासून दृष्टिहीन, आणि दहावीला गणितात माझ्या डोळस भाच्यापेक्षा जास्त मार्क. तिला बँकेत जायचं होतं. आमच्या बोईसरच्या कॉलेजात तिला आणलं फिरत्या बाईंनी. या विशेष शिक्षिका. पालघरकडचं माहीम, शिरगाव, पाम, ज्या शाळेत दृष्टिहीन मूल असेल तिथे एसटीने, शेअर रिक्षाने पोचायच्या, म्हणून फिरत्या. नेमणूक दहावीपर्यंतचीच, पण बाई तिथे थांबत नसत. म्हणायच्या, "दहावीपर्यंत बोट धरायचं नि मंग रस्त्यात सोडायचं? त्यापेक्षा धरूच नये."

कॉलेज सुरू होण्याआधी त्या मुलांकडून इमारत पाठ करून घेत. शिक्षकांचीही सुटका नसे. माझ्या डोळ्यांवर स्वतःची ओढणी बांधून त्यांनी मला वर्गापासून ऑफिसपर्यंत चालवलं. मी पाण्याच्या टाकीवर आपटलो. भिंत रंगवणारा कामगार म्हणाला, "सर, टंकी तो कल भी इधर ही थी." सुनंदा खो खो हसली. मग म्हणाली, "सर, माझं कोपर धरा," आणि मला सुखरूप ऑफिसात नेऊन सोडलं.

फॉर्मच्या बाबतीत बाईंचा एक नियम होता. प्रत्येक ओळ मुलाला वाचून दाखवायची. मूल 'हो' म्हणालं तरच पुढची. सुनंदाचा कागद असाच भरून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांना शिरगावची गाडी गाठायची होती. "कॉम्प्युटरवर चढवा तेवढा, सर. तुमच्यावर सोडते."

गणित शिकवणारा मीच. फळ्यावर आलेख काढून "हे असं वर जातं, हे तसं खाली येतं" म्हणत मी इतकी वर्षं काढलेली. सुनंदाला 'असं' म्हणजे कसं, ते मला सांगता येणार नव्हतं. पोरीचे हाल होतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. हाल माझे होणार होते. संध्याकाळी बाईंना फोनवर सांगितलं, "भरला."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी गेटवर उभा. कलेच्या वर्गात पहिला बाक राखून ठेवलेला, स्वागताचं भाषण पाठ. सुनंदा आलीच नाही. बाईंनी खेटे घालून तिला पालघरच्या एका कॉलेजात वाणिज्यला घातल्याचं आमच्या शिपायाकडून कळलं. मला एका अक्षराने न सांगता! बाईंनी दगा दिला, असं भेटेल त्याला सांगत मी तरातरा माहीमला त्यांच्या घरी गेलो.

बाई ओट्यावर बसून खिळे ठोकलेल्या फळीवर रबर ताणून आलेख बसवत होत्या. शेजारी सुनंदा बोटांनी तो चाचपत होती.

"निदान मला सांगायचं तरी!" मी फणकारलो.

"एकच शब्द दिलात तुमी, 'भरला'," बाई म्हणाल्या. "तोच खोटा निघाला."

सुनंदाचं बोट रबरावर थांबलं. "यादी लागली तवा माझ्या बोलत्या फोनने 'कला' वाचून दाखवलं. मी तीनदा ऐकलं, सर. मला वाटलं फोन चुकला. सर कशाला चुकतील?"

'तुझ्या भल्यासाठीच' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. हो, चहा मात्र बाईंनी दिला.

पुढच्या वर्षी बाई दुसऱ्या एका मुलीला घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. त्यांचं निवृत्तीचं वर्ष. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. मी दरम्यान अंगठा ठेचून घेत एक खिळ्यांची फळी बनवली होती. ती काखेत धरून पुढे झालो. "बाई, फॉर्म मी भरतो."

बाईंनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिपायाला हाक मारली. "दादा, तू ये रे, तू वाच. सर नकोत. सर कागदावरचं वाचत नाय, मनचं लिवतात."